कंपायलर स्वतःच प्रोग्रॅमला सेल्फ-स्टॅबिलायझिंग, म्हणजे बिघडलेल्या अवस्थेतून आपोआप सावरणारा, ठेवू शकतो का, की ते प्रोग्रॅमरनेच बघायचं?

ठेवू शकतो. पण आपण रोज वापरतो तो कंपायलर ठेवत नाही, उलट मोडतो. मी भोगलंय म्हणून लिहितोय.

मोटर कंट्रोलरचं फर्मवेअर, म्हणजे चिपवर चालणारा प्रोग्रॅम, होतं. मेमरीतला एखादा बिट आपोआप पलटला तर कळावं म्हणून एक तपासणी ठेवली होती. वेगमर्यादा एका लोकल व्हेरिएबलमध्ये, तिचे सगळे बिट उलटे करून दुसऱ्यात. दर फेरीला दोन्ही ताडून बघायचे, जुळले नाहीत तर मोटर बंद. टेस्टिंग ओ-झीरोवर, म्हणजे कंपायलरचं ऑप्टिमायझेशन बंद ठेवून, झालं. डीबगरने एक बिट बदलला की मोटर लगेच थांबायची. रिलीज मात्र ओ-टूवर, म्हणजे ऑप्टिमायझेशन चालू ठेवून, गेलं. एका रात्री त्या बिल्डची असेंब्ली, म्हणजे कंपायलरने बनवलेल्या मशीन सूचना, उघडली, तर तुलनाच गायब! उलटी प्रत रजिस्टरमध्येसुद्धा नव्हती. दोन्ही जुळणारच हे कंपायलरने आधीच ओळखलं आणि माझी तपासणी निकामी ठरवून काढून टाकली.

आमचे वरिष्ठ म्हणाले, "व्होलटाइल लाव आणि विषय मिटव. स्टँडर्डप्रमाणे कंपायलर बरोबर आहे." (व्होलटाइल म्हणजे 'हे व्हेरिएबल दर वेळी मेमरीतूनच वाच' असं कंपायलरला सांगणारा शब्द.) असेल बरोबर, माझं भांडण त्यावर नव्हतंच. मेमरी आपोआप बदलत नाही, हे सी भाषेचं गृहीतक. संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्राने 1974 मध्ये मांडलं ते याच्या थेट विरुद्ध: सिस्टिम कुठल्याही अवस्थेत सापडो, मर्यादित पावलांत ती ताळ्यावर आलीच पाहिजे. म्हणजे 'अशक्य' अवस्थेसाठीच कोड लिहायचा, आणि ऑप्टिमायझर (कंपायलरचा कोड आटोपशीर करणारा भाग) नेमका तोच उडवतो.

डोलेव्ह, हविव आणि सगिव या संशोधकांनी 2005 मध्ये यावरच कंपायलर मांडला. सोर्स कोड सावरत असेल तर मशीन कोडही सावरला पाहिजे, स्टॅकमध्ये कचरा असला तरी. त्याच वर्षीचं 'स्विफ्ट' हे तंत्र वेगळं: तिथे कंपायलर स्वतः सूचना दुहेरी करून निकाल ताडतो. पण त्याने चूक फक्त कळते, आणि मेमरीला ईसीसी (बिटची चूक हार्डवेअरमध्येच दुरुस्त करणारी सोय) आहे असं ते धरून चालतं.

व्होलटाइल लावाच, मीही शेवटी लावलं. त्याने तपासणी वाचते, बिट पलटायचा थांबत नाही. प्रोग्रॅम काउंटर (पुढची सूचना कुठली ते सांगणारं रजिस्टर) भरकटला तर वॉचडॉगच हवा, म्हणजे ठरल्या वेळात 'चालू आहे' अशी किक मिळाली नाही तर चिप रीसेट करणारा टायमर, आणि त्याला टायमर इंटरप्टमधून किक देऊ नका. मेन लूप अडकला तरी इंटरप्ट चालूच राहतो. कंपायलरची आवृत्ती बदलली की असेंब्ली पुन्हा बघा.

आणि रिव्ह्यूत कोणी "ही ओळ कधी चालणारच नाही, काढ" म्हणालं, तर ऐकू नका. रिलीज बिल्डची असेंब्ली छापून समोर ठेवा. मी नुसता वाद घालत बसलो, कागद नेला नाही.