घोड्याचं नंतर बघू, आधी भावाची पॉलिसी परत करा

पुण्याच्या एका ताईंचं पत्र आहे. रेसमधून निवृत्त झालेला सहा वर्षांचा थरोब्रेड घोडा त्यांनी तेरा वर्षांच्या लेकीच्या हौसेसाठी 90 हजारांना घेतला आणि सासवडजवळच्या स्वतःच्या जागेत ठेवला. घोडा खोडीचा निघाला. पाठीवर माणूस बसला की उधळतो, लगाम खेचावा तेवढा जोरात पळतो, दोघांना पाडून झालंय. धाकट्या भावाने (वय 34) चाकणची आठ वर्षांची नोकरी सोडून त्याला वळण लावायचं मनावर घेतलंय. वडील रेसकोर्सवर सईस, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे होते, त्यामुळे भावाला जनावराची जाण आहे.

ताई पुढे विचारतात : "सहा महिन्यांत घोडा शहाणा झाला की सारंगखेड्याच्या यात्रेत चार लाखांना विकू. शेड आणि गोल कुंपणाला 3 लाख लागतील. सोनं तारण ठेवू की एफडी मोडू?" आणि जाता जाता : "भावाची काळजी नाही. त्याचे पीएफचे 3 लाख बँकेतल्या मॅडमनी एफडीसारख्याच गॅरंटीच्या योजनेत टाकून दिलेत." सोबत त्या 'एफडी'च्या पहिल्या पानाचा फोटो.

ताई, फोटो मोठा करून पाहा. ही एफडी नाही, आयुर्विमा पॉलिसी आहे. हप्ता 3 लाख, दरवर्षी, सात वर्षं. म्हणजे 21 लाख. भावाचा पगार होता महिना 28 हजार, वर्षाचे 3 लाख 36 हजार. नोकरी असती तरी हा हप्ता भरल्यावर घरखर्चाला महिन्याला तीन हजार उरले असते. आणि आता तर नोकरीही नाही! हे विकणाऱ्याला अर्जावरचा उत्पन्नाचा रकाना दिसलाच नाही, असं मला कोणी सांगू नये.

पुढच्या वर्षी हप्ता चुकला की 30 दिवसांची सवलत, मग पॉलिसी बंद. तेव्हा हाती जे येईल ते घातलेल्या पैशापेक्षा खूपच कमी असेल. आणि सातही वर्षं नेटाने भरले तरी असल्या 'गॅरंटी'तून वर्षाला साधारण 5 ते 6 टक्केच सुटतात.

सुदैवाने कागद हातात पडल्यापासून 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते. याला 'फ्री लुक' म्हणतात. तुम्ही लिहिलेल्या तारखेनुसार आठवडाच उरलाय, म्हणून हे उत्तर इथे येण्याआधीच मी तुम्हाला मेल केला आहे. भावाने स्वतः विमा कंपनीच्या शाखेत जावं, बँकेत नाही. लेखी अर्ज, मूळ पॉलिसी, रद्द केलेला चेक द्यावा आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय हलू नये. तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा हप्ता, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकी पैसे परत येतात. मॅडमचा फोन येईलच : "एक वर्ष थांबा, मग बघू." थांबायचं नाही. कंपनीने टाळाटाळ केली तर तिच्या तक्रार विभागाकडे लेखी द्या, तिथेही दाद लागली नाही तर विमा लोकपाल. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे.

परत आलेल्या पैशातले दीड लाख भावाच्या नावावर साध्या एफडीत ठेवा, घरखर्चासाठी. उरलेले कुठे गुंतवायचे ते तो पुन्हा कमवायला लागला की ठरवू. पीएफबरोबर पेन्शनचा भाग काढला नसेल तर काढू नका, स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेली वर्षं पुढच्या नोकरीत धरली जावीत यासाठीचा पीएफ कार्यालयाचा दाखला घ्या. आठ वर्षं झालीच आहेत. पुढच्या नोकरीत आणखी दोन भरली की पेन्शनचा हक्क लागतो.

आता तो रोज ज्याच्या पाठीवर बसतो त्याबद्दल. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर गेला. बायको आणि मूल त्याच पॉलिसीत होते, म्हणजे तेही उघड्यावर. दोघांना पाडलेल्या घोड्यावर एक विमा नसलेला माणूस बसतोय आणि आपण चर्चा करतोय शेडची. घरच्यांसाठी मेडिक्लेम या आठवड्यात घ्या. नव्या पॉलिसीत आजारपणाला पहिले 30 दिवस थांबावं लागतं, अपघाताला नाही. वर्षाला 20 रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा जरूर घ्यावा, पण तो मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी आहे. पाय मोडून तीन महिने घरी बसलात तर त्यातून छदाम मिळत नाही. त्यासाठी आठवड्याला भरपाई देणारी अपघात पॉलिसी लागते, आणि अर्जात 'घोड्यांना शिकवतो' हे स्पष्ट लिहायचं. लपवलंत तर दावा फेटाळायला कंपनीला आयतं कारण मिळेल. टर्म विमाही, म्हणजे फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा विमा, आत्ताच मागा. पगाराच्या स्लिपा जुन्या झाल्या की तो मिळणं अवघड होतं.

तुमच्या मूळ प्रश्नाचा हिशेब असा. घोडा 90 हजार. चंदी, गवत, नालबंद, डॉक्टर मिळून तुमच्याच आकड्यांनी महिना 17 हजार, सहा महिन्यांचा एक लाख. शेड आणि कुंपण 3 लाख. आणि जो खर्च तुम्ही मांडलाच नाही, तो भावाचा बुडालेला पगार : 1 लाख 70 हजार. एकूण 6 लाख 60 हजार, विकून येणार चार. तेही आले तर! सारंगखेड्याला गिऱ्हाईक मारवाडी आणि काठियावाडी घोड्याचं. तिथे अंगावरचे केसांचे भोवरे, रंग आणि रवाल चाल (स्वाराला हिसके न बसणारी झपझप चाल) बघून पैसे मोजतात. रेसचा थरोब्रेड, त्यातून उधळणारा म्हणून नाव झालेला, तिथे चार लाखांना कोण घेईल? शांत झाला तर एखाद्या रायडिंग क्लबला लाख-सव्वा लाखाला जाईल, असं धरून चाला. नाही विकला तर आणखी पंधरा-वीस वर्षं सांभाळायचा आहे, वर्षाला दोन लाखांनी.

तेव्हा सोनंही नको, एफडीही नको. रेसच्या घोड्याला लगामाचा ताण म्हणजे पळायची खूण, तो तेच शिकलाय. हे विसरायला त्याला आधी मोकळीक लागते : ओट कमी, गवत भरपूर, काही महिने पाठीवर खोगीर नाही, नुसतं दोरीवर गोल फिरवणं. त्याला बांबूचं कुंपण आणि पत्र्याचा आडोसा पुरतो, 40 हजारांत होईल. त्याआधी डॉक्टरकडून पाठ, दात आणि पोट तपासा. रेसच्या घोड्यांना पोटात अल्सर असणं नेहमीचंच आहे. दुखणाऱ्या घोड्याला भाऊ कितीही मायेने शिकवो, तो उधळणारच. लेकीला इतक्यात त्याच्यावर बसवू नका.

भावाला महिना 20 हजार खात्यावर द्या. 'घरचाच आहे' म्हणून फुकट नको. ते जमत नसेल तर हा घोडा तुम्हाला परवडत नाही, आणि भावाने आजच चाकणला जुन्या साहेबांना फोन करावा. सकाळी नोकरीला जाण्याआधी दोन तास घोड्याला दोरीवर फिरवायला पुरे आहेत. पहिले काही महिने याहून जास्त काम तिथे नाहीच.