बुडबुडे थांबले, आता बाटल्या भरू का?

प्रश्न: नमस्कार, मी न्यू जर्सीत राहतो, पहिल्यांदाच घरी बिअर करतोय, साधी पेल एल, पाच गॅलन. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (साखरेमुळे येणारी घनता) १.०५२ होती. पहिले तीन दिवस एअरलॉक (झाकणावरची गॅस बाहेर सोडणारी नळी) नुसता धडाधड वाजत होता, आता आठवा दिवस आहे आणि एक बुडबुडा नाही. बादली बेसमेंटमधे आहे, तिथं १५ डिग्री सेल्सियस असतं. काल घनता मोजायच्या हायड्रोमीटरवर १.०२४ आलं. शनिवारी मित्र येणारेत, बाटल्या भरून टाकू का?

उत्तर: नका भरू, प्लीज. एअरलॉकवर अजिबात विसंबू नका, झाकण जरा सैल असलं तरी गॅस बाजूनं निघून जातो आणि बुडबुडे दिसत नाहीत, आणि उलट बिअर होऊन गेल्यावरही खोली तापली की आत विरघळलेला गॅस सुटून बुडबुडे येतात. हायड्रोमीटर तुमच्याकडे आहे ना, मग त्याचंच ऐका.

बहुतेक एल यीस्ट ७५ टक्क्यांच्या आसपास साखर खातं, म्हणजे १.०५२ वरून तुमची बिअर १.०१३ च्या जवळ यायला हवी. अजून ११ पॉइंट (०.००१ म्हणजे एक पॉइंट) बाकी आहेत! बंद बाटलीत एक पॉइंट आंबला की साधारण अर्धा व्हॉल्यूम गॅस (म्हणजे बिअरच्या आकारमानाच्या निम्मा) होतो, म्हणजे हे साडेपाच झाले आणि वर तुम्ही घालणार ती प्रायमिंगची (बाटलीत गॅस धरण्यासाठीची) साखर वेगळीच, जिथं पेल एलला एकूण अडीच पुरतात. अशा बाटल्या खरंच फुटतात हो, काचा उडून डोळ्याला लागू शकतात, म्हणून एवढं कळकळीनं सांगतेय.

मला वाटतं थंडीनं यीस्ट सुस्तावलंय, इडलीचं पीठ डिसेंबरात रुसतं तसंच. बादली वर घरात आणा, २० डिग्रीला ठेवा, न उघडता हलकेच गोल फिरवा म्हणजे तळाचं यीस्ट वर येईल, खळखळवू मात्र नका, हवा मिसळली की चव बिघडते. चार-पाच दिवसांनी मोजा. सॅम्पल दोन ग्लासांत वरखाली ओतून गॅस काढायचा, नाहीतर बुडबुडे चिकटून हायड्रोमीटर वर उचलला जातो आणि आकडा जास्त दिसतो. सॅम्पल परत बादलीत ओतायचं नाही, चाखायचं. लोण्यासारखा वास आला तर अजून थांबा, तो डायअसेटिल नावाच्या पदार्थाचा, यीस्ट स्वतःच तो साफ करतं.

दोन-तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा सारखाच आकडा आला आणि तो १.०१३ च्या आसपास असला, तरच भरा. आकडा १.०२० लाच अडून बसला तर मात्र ते ‘झालं’ समजू नका, ताजं यीस्ट घालून बघा, पण एक्स्ट्रॅक्टची (माल्टच्या तयार अर्काची) बिअर असेल तर ती कधीकधी थोडी वरच थांबते, म्हणून कशापासून केलीय तेही कळवा.

आणि शनिवारचं म्हणाल तर आज भरल्या असत्या तरी बाटलीत गॅस धरायला दोनेक आठवडे लागतातच, त्यामुळे मित्रांना या वेळी दुकानातली द्या.