जुना कर्नल, नवी दुरुस्ती : वाचकांच्या शंकांना उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच अडचणीभोवती फिरतात. दोष प्रोसेसरमधला आणि नव्याने उघड झालेला, आपल्या यंत्रावरचा कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, मात्र जुना. मग दुरुस्ती आपल्यापर्यंत पोहोचली की नाही हे ओळखायचे कसे? म्हणून या वेळचे सदर त्या पत्रांनाच दिले आहे.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचा सर्व्हर रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ वर चालतो. कर्नल ३.१० हा २०१३ सालचा आणि मेल्टडाउन हा दोष २०१८ मधला, त्यामुळे प्रणाली असुरक्षित आहे, असा शेरा ऑडिटरने मारला आहे. सर्व्हरची देखभाल करणारे म्हणतात की दुरुस्ती केव्हाच झाली. कोणाचे खरे मानावे?

उत्तर : शेऱ्यामागचा तर्क चुकीचा आहे, पण शेरा वेगळ्या कारणाने बरोबर ठरू शकतो. ३.१० या आकड्यावरून ती शाखा मूळ लिनक्सपासून कुठे फुटली एवढेच कळते. बाहेरच्या कंपन्यांनी त्या कर्नलसाठी बनवलेले ड्रायव्हर वर्षानुवर्षे चालत राहावेत, यासाठी रेड हॅट एका वितरणाच्या (म्हणजे लिनक्सच्या तयार संचाच्या) संपूर्ण आयुष्यात कर्नलची मूळ आवृत्ती बदलत नाही आणि नव्या कर्नलमधील आवश्यक दुरुस्त्या मागे आणून जुन्यात बसवते. यालाच बॅकपोर्ट म्हणतात. मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे दोष ३ जानेवारी २०१८ रोजी जाहीर झाले, त्याच सुमारास ३.१०.०-६९३.११.६ हा दुरुस्त कर्नल ग्राहकांना मिळाला. पाहायचे ते जोडरेघेनंतरचे आकडे. तपासणीची काही साधने पहिलाच आकडा वाचून थांबतात आणि त्यांचा अहवाल पुढे तसाच सही होऊन येतो, ही तक्रार जुनी आहे.

आकड्यांपेक्षा खात्रीचा पुरावा चालू कर्नल स्वतःच देतो. सिस (/sys) फाइलप्रणालीत सीपीयूच्या माहितीखाली ‘व्हल्नरेबिलिटीज’ नावाची डिरेक्टरी असते आणि तिच्यात प्रत्येक दोषासाठी एक फाइल असते. ही सोय मुळात ४.१५ मध्ये आली आणि पुढे जुन्या शाखांमध्येही बॅकपोर्ट झाली. मेल्टडाउनच्या फाइलमध्ये ‘मिटिगेशन : पीटीआय’ (म्हणजे दुरुस्ती लागू आहे) असे उत्तर आले, तर त्याची प्रत ऑडिटरला द्यावी.

आता दुसरी बाजू. रेड हॅट ७ ची सर्वसाधारण देखभाल ३० जून २०२४ रोजी संपली आहे. वेगळे शुल्क भरून विस्तारित सेवा घेतली नसेल, तर त्यानंतर उघड झालेल्या दोषांबाबत देखभाल करणाऱ्यांचे ‘केव्हाच झाली’ हे उत्तर चालणार नाही.

प्रश्न : नव्या कर्नलमध्ये दुरुस्ती तयार असताना तीच जुन्या कर्नलमध्ये जशीच्या तशी का घालता येत नाही? मी संगणकशास्त्राचा विद्यार्थी आहे, तेव्हा थोडे खोलात सांगितले तरी चालेल.

उत्तर : पॅच म्हणजे शब्दशः ठिगळ, आणि ठिगळ ज्या कापडावर लावायचे त्याची वीणच वेगळी असते. मेल्टडाउनचेच उदाहरण घेऊ. पूर्वी प्रत्येक प्रोग्रामच्या पेज टेबलमध्ये, म्हणजे स्मृतीतले कोणते पान कुठे आहे ते सांगणाऱ्या तक्त्यात, कर्नलच्या स्मृतीचाही नकाशा असे. ती पाने प्रोग्रामला वाचता येऊ नयेत याची जबाबदारी प्रोसेसरवर होती. इंटेलचे बहुसंख्य प्रोसेसर पुढच्या सूचना अंदाजाने आधीच चालवून ठेवताना परवानगीचा निकाल लागण्यापूर्वी ती माहिती वापरून मोकळे होत, नंतर निकाल प्रतिकूल लागला की काम रद्द करत, पण कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या जलद तात्पुरत्या स्मृतीत, त्याचा माग राहून जाई आणि वेळ मोजून तो माग वाचता येत असे. उपाय असा निघाला की प्रोग्राम चालू असताना कर्नलचा नकाशाच समोर ठेवायचा नाही; पेज टेबलचे दोन संच ठेवायचे आणि कर्नलमध्ये शिरताना व बाहेर पडताना त्यांची अदलाबदल करायची; यालाच पुढे पेज टेबल आयसोलेशन, थोडक्यात पीटीआय, हे नाव मिळाले. ही कल्पना ऑस्ट्रियातील ग्राझ येथील तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ‘कायझर’ या नावाने मांडली होती, तीही दुसऱ्याच कारणासाठी : कर्नल स्मृतीत कुठे आहे हे लपवण्यासाठी.

खरी अडचण त्या ‘शिरताना आणि बाहेर पडताना’ मध्ये आहे. सिस्टिम कॉल, इंटरप्ट, अपवाद अशा प्रत्येक वाटेवरचा असेंब्ली भाषेतला कोड नव्याने लिहावा लागतो. मुख्य कर्नलच्या ४.१५ मध्ये हा कोड आधी साफसूफ करून मग त्यावर पीटीआय उभारले गेले. नोव्हेंबर २०१७ मध्ये आलेला ४.१४ त्याच्या अगदी जवळचा असल्याने पूर्वतयारीचे बदल आणि मूळ दुरुस्ती दोन्ही त्यात आणता आली, ती ४.१४.११ मध्ये पोहोचली. ४.९ आणि ४.४ या शाखांत मात्र तो पायाच नव्हता. तेथे मूळ कायझरच्या कोडवर आधारलेली वेगळी दुरुस्ती बसवली गेली आणि ४.९.७५ व ४.४.११० या आवृत्त्या ५ जानेवारी २०१८ रोजी निघाल्या. उद्देश एकच असला तरी आतला कोड निराळा होता. स्थिर शाखा सांभाळणारे ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी हा फरक उघडपणे सांगितला होता आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी ४.१४ वर जावे, असे सुचवले होते. एरवी स्थिर शाखांचा नियम असा, की पॅच मुख्य कर्नलमध्ये आधी आलेला असावा आणि आजूबाजूच्या ओळी धरून शंभर ओळींपेक्षा मोठा नसावा. या दोषाने ते दोन्ही नियम बाजूला ठेवायला लावले.

स्पेक्टरच्या दुसऱ्या प्रकारात गुंता आणखी वाढला. गूगलमध्ये तयार झालेली ‘रेटपोलिन’ ही युक्ती अप्रत्यक्ष उड्यांच्या (ज्यांचा पुढचा पत्ता प्रोग्राम चालतानाच ठरतो) जागी वेगळ्या सूचना घालते आणि त्या सूचना कंपायलरनेच निर्माण कराव्या लागतात. जीसीसी या कंपायलरमध्ये ही सोय २५ जानेवारी २०१८ च्या ७.३ या आवृत्तीत आली, पण जुनी वितरणे कितीतरी जुन्या कंपायलरवर उभी होती. म्हणून डेबियन या वितरणाने फेब्रुवारीत आपल्या जीसीसी ४.९ मध्ये आणि ६ मध्येही ती सोय मागे आणली. कर्नलच्या बॅकपोर्टसाठी आधी कंपायलरचा बॅकपोर्ट, असा हा उलटा प्रवास.

आणि बॅकपोर्ट फसतोही. सर्वांत बोलके उदाहरण लिनक्सचे नसून विंडोजचे आहे. विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ आर२ यांच्या ६४-बिट आवृत्त्यांना जानेवारी २०१८ मध्ये दिलेल्या मेल्टडाउनच्या दुरुस्तीत पेज टेबलच्या सर्वांत वरच्या पातळीवर परवानगीचा एक बिट चुकीचा लागला. परिणामी कोणताही प्रोग्राम संपूर्ण स्मृती वाचू शकत होता, इतकेच काय, तिच्यात लिहूही शकत होता. मूळ दोषातून लिहिता तरी येत नव्हते. विंडोज ८.१ आणि १० मध्ये ही चूक नव्हती. मार्चअखेर तिच्यासाठी स्वतंत्र दुरुस्ती द्यावी लागली.

प्रश्न : आम्ही बायॉस अद्ययावत करून नवा मायक्रोकोड घेतला आहे. तरीही कर्नल बदलणे आवश्यक आहे का?

उत्तर : होय. मेल्टडाउनची दुरुस्ती पूर्णपणे कर्नलमध्ये आहे, तेथे मायक्रोकोडचा, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूक्ष्म प्रोग्रामचा, प्रश्नच येत नाही. १४ मे २०१९ रोजी जाहीर झालेल्या एमडीएस या, प्रोसेसरच्या अंतर्गत बफरांतून माहिती गळू देणाऱ्या दोषगटात मात्र दोघांची जोडी लागते. नव्या मायक्रोकोडमुळे ‘व्हीईआरडब्ल्यू’ या जुन्या सूचनेला प्रोसेसरमधील अंतर्गत बफर पुसण्याचे जादा काम मिळते, पण ती सूचना योग्य क्षणी देण्याचे काम कर्नलचे आहे. कर्नल नवा आणि मायक्रोकोड जुना असेल, तर वर सांगितलेल्या डिरेक्टरीतील एमडीएसच्या फाइलमध्ये ‘बफर पुसण्याचा प्रयत्न केला, मायक्रोकोड नाही’ अशा अर्थाचा मजकूर ‘व्हल्नरेबल’ या शब्दासह दिसतो. उलट स्थितीत, जुन्या कर्नलला या दोषाची ओळखच नसल्याने ती फाइलच सापडत नाही. फाइल नसणे ही सुरक्षिततेची खूण समजू नये. मायक्रोकोड घेण्याची घाईही नडू शकते : इंटेलचा जानेवारी २०१८ मधला मायक्रोकोड हॅसवेल आणि ब्रॉडवेल प्रोसेसरांवर यंत्रे अचानक पुन्हा सुरू होण्यास कारण ठरला आणि २२ जानेवारीला त्याचे वितरण थांबवण्याचा सल्ला इंटेललाच द्यावा लागला.

प्रश्न : कारखान्यातील एका यंत्राच्या नियंत्रणासाठी आमच्याकडे ३२-बिट लिनक्स, कर्नल ४.४, असा जुना संगणक आहे. तो तसाच ठेवावा का?

उत्तर : मूळ ४.४ शाखेची देखभाल फेब्रुवारी २०२२ मध्ये ४.४.३०२ या आवृत्तीवर संपली. लिनक्स फाउंडेशनचा सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म हा प्रकल्प ती अशा औद्योगिक वापरासाठी पुढे सांभाळतो, पण ३२-बिट ही बॅकपोर्टच्या जगातली सावत्र शाखा आहे. मेल्टडाउनविरुद्धचे पीटीआय ३२-बिट कर्नलसाठी मुख्य लिनक्समध्येच ऑक्टोबर २०१८ च्या ४.१९ मध्ये, म्हणजे नऊ महिन्यांनी आले. शाखा जितकी जुनी तितका विलंब मोठा, हे २०२२ मधील रेटब्लीड या दोषाच्या वेळीही दिसले : दुरुस्ती ५.१० मध्ये जुलैतच आली, ५.४ मध्ये यायला ऑक्टोबर उजाडला.

म्हणून कर्नलपूर्वी प्रोसेसर कोणता आहे ते पाहावे. २०१३ पूर्वीचे इंटेल अॅटम प्रोसेसर सूचना क्रमानेच चालवतात, त्यामुळे मेल्टडाउन त्यांना लागू होत नाही. तुमचा प्रोसेसर त्यांपैकी असेल, यंत्राला बाहेरचे जाळे जोडलेले नसेल आणि त्यावर कारखान्याने बसवलेल्या प्रोग्रामखेरीज दुसरे काही चालत नसेल, तर घाईने कर्नल बदलून चालू उत्पादन थांबवण्याचा धोका मला अधिक वाटतो. त्याच संगणकावर कोणी ब्राउझर उघडत असेल, तर आधी तो काढून टाकावा.