फाइल टेपवर असेल तर क्लायंटला काय सांगायचं?

प्रश्न: आमचा स्वतः लिहिलेला एनएफएस सर्व्हर आहे, म्हणजे नेटवर्कवरून फाइल पुरवणारा. जुन्या फाइल टेपवर जातात. त्या परत येईपर्यंत आम्ही आयओ एरर (वाचणं-लिहिणं फसलं, असा) पाठवतो, तर वापरणारे ओरडतात. शिवाय फाइलसिस्टीमचे काही एरर प्रोटोकॉलच्या यादीतच नाहीत. त्यांचं काय करायचं?

उत्तर: ओरडणारच! आयओ एरर आला की क्लायंट तो सरळ अॅप्लिकेशनच्या हाती देतो आणि रात्रीचा जॉब मध्येच मरतो. तुमची फाइल तर धडधाकट आहे, फक्त लांब आहे. नेमक्या याच प्रसंगासाठी आरएफसी १८१३ या मानकात, म्हणजे एनएफएसच्या १९९५ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत, १०००८ क्रमांकाचा जूकबॉक्स एरर आहे. चौथ्या आवृत्तीत तोच क्रमांक डिले या नावाने येतो. तो पाठवा, पण टेपवरून फाइल आणायचं काम त्याच क्षणी सुरू करा. नाहीतर क्लायंट जन्मभर विचारत बसेल. क्लायंटने जरा थांबून पुन्हा मागायचं, तेही नव्या आरपीसी ट्रान्झॅक्शन आयडीने, म्हणजे विनंतीच्या नव्या ओळख क्रमांकाने. क्लायंटही तुम्हीच लिहिला असेल तर हे आधी तपासा. जुनाच आयडी वापरला, तर सर्व्हर त्याला आधीचीच विनंती समजून कॅशमधलं जुनं उत्तर परत पाठवू शकतो.

आता यादीबाहेरचे एरर. तिसऱ्या आवृत्तीतल्या याद्या परिपूर्ण नाहीत, असं ते मानक स्वतःच म्हणतं. म्हणून आतला नंबर जसाच्या तसा बाहेर सोडायचा असं मात्र नाही. लिनक्समध्ये कोटा संपल्याचा एरर १२२, प्रोटोकॉलमध्ये ६९. डिरेक्टरी रिकामी नसल्याचा इकडे ३९, तिकडे ६६. गंमत अशी की डिस्कवरची जागा संपल्याचा दोन्हीकडे २८. तेवढीच टेस्ट केलीत तर सगळं छान चाललंय असंच वाटेल. तेव्हा रूपांतराचा तक्ता लिहाच. तक्त्यात न सापडलेला एरर आयओ म्हणून पाठवा आणि मूळ नंबर लॉगमध्ये टाका. लिनक्सचा सर्व्हरही हेच करतो. ४.१ आवृत्ती चालवत असाल तर आरएफसी ८८८१ मध्ये कोणत्या ऑपरेशनला कोणते एरर चालतात त्याचं कोष्टकच आहे. त्याबाहेर जाऊ नका.

आणि स्टेल हा एरर कधीही अंदाजाने पाठवू नका. रीस्टार्टनंतर व्हॉल्यूम अजून माउंट झालेला नसताना तो पाठवणारे सर्व्हर मी पाहिले आहेत. त्याचा अर्थ फाइलचं हँडल, म्हणजे क्लायंटकडची त्या फाइलची खूण, कायमचं गेलं असा होतो. तिथेही १०००८ च हवा.