पैसे नाहीत, हे उत्तर होत नाही

प्रिय,

सप्रेम आशीर्वाद.

तुझा याचिकेचा मसुदा वाचला. तळमळ पानोपानी दिसते. संविधानाची कलमंही अचूक आहेत. पण ज्या नाल्यासाठी हे सगळं चाललंय तो कुठून निघतो, कुठे तुंबतो, त्याच्या काठावर कोण राहतं, हे कुठेच आलेलं नाही. ते नसेल तर न्यायाधीशांनी आदेश द्यायचा तरी कशाचा?

आधी रतलामचा निकाल मुळातून वाच. रतलाम नगरपालिका विरुद्ध वर्धीचंद, १९८०. रतलामच्या न्यू रोड भागात गटारं नव्हती. अल्कोहोलच्या कारखान्याचं दुर्गंधी पाणी रस्त्यावर यायचं. शौचालयं नसल्याने झोपडपट्टीतल्या लोकांना उघड्यावर बसावं लागे, आणि डासांनी कहर केला होता. रहिवासी गेले गावातल्याच दंडाधिकाऱ्याकडे, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली, सार्वजनिक उपद्रव दूर करा म्हणून. त्याने नगरपालिकेला सहा महिन्यांत योजना आखायला सांगितलं. सत्र न्यायालयाने तो आदेश रद्द केला, उच्च न्यायालयाने पुन्हा कायम केला. त्यावर सर्वोच्च न्यायालयात गेली ती नगरपालिका! तिचं म्हणणं, आमच्याकडे पैसे नाहीत. आणि वर हेही, की लोक तिथली घाण बघूनच राहायला आले, मग आता तक्रार कसली? आजही हे वाचताना मला संताप येतो.

न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी दोन्ही गोष्टी फेटाळल्या. सार्वजनिक आरोग्य राखण्यासाठीच जी संस्था जन्माला घातली, तिला पैशाचं कारण सांगून कर्तव्यातून सुटता येत नाही, असा त्या निकालाचा गाभा आहे. त्यातला आदेश मात्र बारकाईने बघ. कारखान्याचं सांडपाणी रस्त्यावर येणं थांबवा. सहा महिन्यांत पुरेशी शौचालयं बांधा, पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी वेगळी. तिथे पाणी द्या, सकाळ-संध्याकाळ सफाई करा. साचलेली डबकी बुजवा. तुझ्या मसुद्यातली ‘पर्यावरणाचे रक्षण करण्याचे निर्देश द्यावेत’ ही मागणी याच्या शेजारी ठेवून बघ.

संविधान बाजूला ठेव, असं मी म्हणत नाही. कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक मानतं. ४८-अ हे पर्यावरणाचं कलम १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आलं. ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांच्या आधारे थेट दावा लावता येत नाही, हे समोरचे वकील पहिल्याच तारखेला सांगतील. तेव्हा १९९१ चा सुभाष कुमार निकाल पुढे कर. प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलंय. (त्या प्रकरणात याचिकाकर्ता हरला, कारण त्याचा हेतू वैयक्तिक ठरला. तेही वाच, म्हणजे उद्या कोणी तुझ्या हेतूवर बोट ठेवलं तर गडबडणार नाहीस.)

पण तुझी पहिली पायरी प्रांत कार्यालयाची, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्याची आहे. जुनं कलम १३३ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ म्हणून आलंय. सोबत महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ चं कलम ४९ जोड. गटारं आणि सफाई ही नगरपरिषदेची बंधनकारक कर्तव्यं त्यात लिहिलेली आहेत. माहिती अधिकारात तीन वर्षांचा स्वच्छतेवरची तरतूद आणि खर्च मागव. पैसे नाहीत असं म्हणतील तेव्हा तो कागद हातात हवा.

आणि वस्तीत जाऊन बस. पाणी घरात कधी शिरतं, कोणाचं पोर तापाने आजारी पडलं, बायकांना पहाटे कुठे जावं लागतं, हे त्यांच्या शब्दांत लिहून घे, तारखांसकट. डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांच्या प्रती घे, पण ज्यांच्या त्या चिठ्ठ्या आहेत त्यांची परवानगी घेऊनच. अर्जावर सह्या वस्तीतल्यांच्या असू देत, तुझी सर्वांत शेवटी.

नवा मसुदा झाला की नाल्याच्या हातनकाशासह पाठव. पुलापासून शाळेच्या भिंतीपर्यंतचा भाग त्यात ठळक दाखव.

तुझी,
मॅडम