कोरोनल होलमधल्या वायूचा वेग मोजताना आधी शून्य ठरवा

सूर्याचा अभ्यास करणाऱ्या हिनोडे उपग्रहावरच्या ईआयएस उपकरणाचा (अतिनील वर्णपटमापक) डेटा उघडलात की १९५.१२ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या वर्णरेषेचा मोह होतोच. अकरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची ही रेषा एरवी ठसठशीत असते, पण कोरोनल होलमध्ये, म्हणजे सूर्याच्या बाह्य वातावरणातल्या विरळ, काळपट भागात, ती फिकी पडते, आणि भोवतालच्या उजळ भागातून विखुरलेला प्रकाश त्यात मिसळतो. म्हणून सोबत १८४.५४ ची रेषा घ्या. ती सुमारे ११ लाख केल्विनला बनते, होलमध्ये तीच जास्त विश्वासार्ह.

खरी गोची वेगात आहे. तो रेषा किती सरकली त्यावरून (डॉप्लर परिणाम) काढतात. डिटेक्टरचा एक पिक्सेल ०.०२२३ अँगस्ट्रॉमचा, म्हणजे १९५ जवळ साधारण ३४ किमी प्रतिसेकंद. तुम्ही शोधताय तो बहिर्वाह (बाहेर वाहणारा वायू) बऱ्याचदा १० किमी प्रतिसेकंदाच्या आसपास, म्हणजे पिक्सेलच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी! त्यात उपग्रहाच्या सुमारे ९८ मिनिटांच्या कक्षेत उपकरण तापतं-थंडावतं आणि रेषा पिक्सेलभराहून जास्त सरकते. ही सरक काढल्याशिवाय नकाशा रंगवू नका; दिसतील ते उभे पट्टे, सूर्य नव्हे. उपकरणात निरपेक्ष तरंगलांबीचा संदर्भ नाही, तेव्हा त्याच रास्टरमधल्या (अरुंद फट, म्हणजे स्लिट, सरकवत टिपलेल्या चित्रातल्या) शांत भागात रेषा सरासरी जिथे दिसते ती जागा शून्य धरा आणि तसं स्पष्ट लिहा.

सिग्नल कमी असेल तर स्लिटच्या दिशेने ४ पिक्सेल एकत्र करा, मगच रेषेवर गाउसियन (घंटेच्या आकाराचा वक्र) बसवा. घनतेसाठी १८६.८८ आणि १९५.१२ च्या रेषांच्या तेजाचं गुणोत्तर चालतं, फक्त १९५.१८ ची शेजारीण रेषा वेगळी करायला विसरू नका.