कोल्हापुरात स्वतःच्या आवारातलं जुनं झाड पाडायला नवीन कायदा आडवा येतो का?

येतो. तुम्ही लिहिलंय, आजोबांनी लावलेली साठेक वर्षांची चिंच पाडून तिथं गाडी लावायची आहे. जागा तुमची असली तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागतेच. तो नियम शहरांतली झाडं जपण्याच्या १९७५ च्या कायद्यापासूनचा. २०२१ च्या दुरुस्तीनं भर घातली ती ही: ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'हेरिटेज वृक्ष', आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची. म्हणजे तुमच्या एका चिंचेला ६०! आवार दोन गुंठ्यांचं, लावणार कुठं?

परवानगीविना पाडलंत तर दंड झाडामागे एक लाखापर्यंत. बुंध्यात भोक पाडून ॲसिड ओतायचा सल्ला गल्लीत कुणीतरी देईलच. ऐकू नका, कायद्यात झाडाला इजा करणं म्हणजेही तोडच. झाड वाळलेलं किंवा धोकादायक असेल तर अर्जात फोटोसह तसं लिहा, परवानगी मिळू शकते.

घर पाचगावसारख्या ग्रामपंचायत हद्दीत असेल तर १९६४ चा वृक्षतोड कायदा बघा. परवानगीविना तोडता न येणाऱ्या झाडांची त्यात यादी आहे, आणि तिच्यात चिंच आहेच.

मी असतो तर गाडी चिंचेखालीच लावली असती. टपावर चिंचा पडतील, तेवढंच.